जुने बाग-ट्रॅक्टर : सुट्या भागांचा शोध व दुरुस्ती

आपल्याकडे पॉवर टिलर येऊन आतां अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. बंगळूरच्या व्ही. एस्. टी. कंपनीनें मित्सुबिशीच्या सहकार्यानें हें यंत्र बनविण्याचें काम १९६७ सालीं हातीं घेतलें. केरळांतील कामको ही कंपनी १९७३ सालीं निघाली व तिनें कुबोटाच्या धर्तीचा टिलर बाजारांत आणला. त्या पहिल्या पिढीचीं कित्येक यंत्रें आज गोठ्यामागें गंजत पडलेलीं दिसतात. मालकास कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : "पार्ट मिळत नाहींत." हें उत्तर कधीं कधीं खरें असतें, पण पुष्कळदां तें अर्धवट शोधाचें उत्तर असतें, असें आमचें मत आहे. तें कसें, हें पाहण्यास अमेरिकेंतील बाग-ट्रॅक्टरांचें उदाहरण फार उपयोगी पडेल. तेथें ह्या वर्गांतील साठ-साठ वर्षांचीं यंत्रें अजून काम देतात, आणि तींहि अशा वेळीं कीं, त्यांच्या मूळ कारखान्यांची मालकी दोन-दोनदां बदललेली आहे.

बाग-ट्रॅक्टर म्हणजे सात ते सोळा अश्वशक्तीचा, एका माणसास बसून चालवितां येईल असा लहान ट्रॅक्टर. घराभोंवतीं एक-दोन एकर जमीन असणाऱ्यानें त्यानेंच नांगरावें, गवत कापावें, हिंवाळ्यांत दारापुढील बर्फ लोटावें, अशी त्याची योजना. ह्या यंत्राचा एक पूर्वज म्हणजे वेस्ट व्हर्जिनियांतील डनबार येथील बेंजामिन ग्रेव्हली ह्यानें केलेला, मागून चालत हांकावयाचा मोटार-नांगर. त्याचें पेटंट १९१६ चें आहे. आपल्या टिलरचा तो लांबचा चुलताच म्हणावयाचा. पुढें १९४६ सालीं इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड येथें पाँड पितापुत्रांनीं जो धंदा सुरू केला त्यांतून 'व्हील हॉर्स' निघाला. १९६१ त इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें केंटकींतील लुइव्हिल येथून 'कब कॅडेट' विकावयास काढला, आणि १९६३ त जॉन डिअरचा '११०' आला. नंतरचा इतिहास विक्रीचा आहे. व्हील हॉर्स १९७४ त एका मोटार-कंपनीकडे व १९८६ त टोरोकडे गेला. कब कॅडेट १९८१ त एम्. टी. डी. कडे गेला, ग्रेव्हली १९८२ त एरियन्सकडे गेला. म्हणजे यंत्रावर जें नांव कोरलेलें आहे, त्या नांवाच्या मूळ कारखान्यास पत्र घालून भाग मागवावा ही सोय बहुतेक ठिकाणीं उरलेली नाहीं.

असें असतां हीं यंत्रें चालतात कशीं? तर ट्रॅक्टर बनविणारा कारखाना त्या ट्रॅक्टराचा पुष्कळसा भाग स्वतः बनवीतच नव्हता, हें ह्यांतील मर्म आहे. कब कॅडेटचेंच पहा. त्याचें एंजिन विस्कॉन्सिन संस्थानांतील कोलर कंपनीचें. त्या एंजिनावरील कार्बुरेटर पुष्कळ वर्षें कार्टर कंपनीचा. एंजिन फिरवून सुरू करणारा व तेंच चालूं लागल्यावर बॅटरी भरणारा जोड-डायनॅमो डेल्को-रेमीचा. सुकाणूची पेटी रॉसची. मागील गिअरपेटी मात्र हार्वेस्टरच्या घरची. पण तीहि नवी नव्हे, १९४७ पासून विकल्या जाणाऱ्या 'फार्मॉल कब' ह्या मोठ्या ट्रॅक्टराच्या गिअरपेटीवरून घेतलेली. बेअरिंगें, ऑइल सील, पट्टे, स्प्रिंग पिना, टायर हे तर सर्व यंत्रांना समान. म्हणून 'कब कॅडेटचा भाग द्या' असें म्हणून दुकानांत गेलेला मनुष्य रिकाम्या हातानें परत येतो, आणि 'कोलरच्या के-३०१ एंजिनाची रिंग द्या, स्पेक अमुक' असें म्हणणारा ती घेऊन येतो.

तेव्हां पाना हातीं धरण्यापूर्वीं वही व पेन्सिल हातीं धरावी. ट्रॅक्टराच्या पाटीवरील नमुना व अनुक्रमांक उतरून घ्यावा. नंतर एंजिनाची पाटी शोधावी. कोलरच्या ह्या जुन्या एंजिनांवर पंख्याच्या पत्र्यावर एक लहान पाटी असते व तिजवर तीन नोंदी असतात : नमुना, स्पेक व अनुक्रमांक. पुष्कळ लोक पहिली व तिसरी उतरून घेतात आणि मधली सोडतात. खरी कामाची ती मधलीच. के-३०१ हें बारा अश्वशक्तीचें एंजिन निरनिराळ्या कारखान्यांना निरनिराळ्या घडणीचें पुरविलें जाई. कोणास क्रँकचें टोंक लांब, कोणास खालचें तेलपात्र निराळें. स्पेक सांगितल्यावांचून मागविलेला क्रँक बसेलच असें नाहीं. शिवाय पत्रा काढून दुसऱ्या एंजिनास बसवितां येतो, म्हणून पाटी एका एंजिनाची व खालचें एंजिन दुसरें, असेंहि घडतें. सिलिंडरचा व्यास मोजून खात्री करून घ्यावी : के-१८१ चा २ १५/१६ इंच, के-२४१ चा ३ १/४ इंच, के-३०१ चा ३ ३/८ इंच. पूर्वीं बोअर वाढविलेला असल्यास मापांत थोडा फरक येईल, पण गोंधळ होण्याइतका नाहीं.

दुसरी गोष्ट नांवांची. विस्कॉन्सिनांतील पोर्ट वॉशिंग्टन येथील सिंप्लिसिटी कारखाना अ‍ॅलिस-चामर्स कंपनीकरितां तिच्या नांवानें बाग-ट्रॅक्टर बनवीत असे. रंग नारिंगी व पाटी अ‍ॅलिस-चामर्सची, पण आंतील घडण सिंप्लिसिटीची. १९६५ त तो कारखानाच त्या कंपनीनें विकत घेतला. अशा यंत्राच्या मालकानें एकाच नांवानें शोध केला तर अर्धा बाजार त्यास दिसतच नाहीं. तसेंच कारखान्यानें भागाचा क्रमांक मागाहून बदललेला असतो. जुना क्रमांक दुकानदारास ठाऊक नसतो आणि नवा गिऱ्हाइकास. म्हणून मूळ भाग-सूची मिळवून तींतील क्रमांकासमोर पुढील काळांत त्यास कोणता क्रमांक आला तो लिहून ठेवावा. ही यादी एकदां केली कीं ती यंत्राइतकीच मोलाची होते.

आतां मापाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण हा विषय अमेरिकन यंत्रापुरता नाहीं. तालुक्याच्या बाजारांत आपल्या टिलरचें बेअरिंग घेतांनाहि तोच नियम लागू आहे. गोळ्यांच्या बेअरिंगाच्या कडेवर अंक कोरलेला असतो. समजा ६२०५ आहे. शेवटचे ०५ पांचानें गुणिले असतां २५ येतात. तें आंतील भोंक, मिलिमीटरांत. हा नियम ०४ पासून पुढें चालतो. त्याच्या खालीं ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. दुसरा अंक मालिकेचा. ६२०५ चा बाहेरील व्यास ५२ व जाडी १५, तर ६३०५ चें भोंक तेंच २५, पण बाहेरील व्यास ६२ व जाडी १७. अंकामागें टू-आर-एस असल्यास दोहों बाजूंस रबराची झांकणें, झेड-झेड असल्यास पत्र्याचीं. जेथें चिखल व धूळ आहे तेथें रबराचेंच घ्यावें. अंक पुसून गेला असेल तर व्हर्निअरनें तीन मापें घ्यावीं; त्यांवरून दुकानदार अंक सांगूं शकतो. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगास मात्र आंतील कोन व बाहेरील कप ह्यांचे दोन निरनिराळे क्रमांक असतात. दोनहि उतरून घ्यावे व दोनहि एकदमच बदलावे.

ऑइल सीलाचीं मापें तीन : शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी. तीं बहुधा सीलावरच छापलेलीं असतात. सील बदलूनहि तेल गळत राहिलें तर दोष सीलाचा नसतो. जुन्या सीलाच्या ओंठानें शाफ्टवर चर पाडलेला असतो. त्यावर पातळ पोलादी बाही चढवितात, किंवा नवा सील किंचित् पुढें-मागें बसवितात म्हणजे ओंठ कोऱ्या जागीं येतो. दुसऱ्या उपायास खर्च कांहींच नाहीं, व घरांत जागा असल्यास तोच आधीं करून पाहावा.

पट्ट्यांचा घोटाळा सर्वांत मोठा. आपल्याकडे व्ही-पट्ट्यावर ए-४४, बी-५४ असें लिहितात. ए म्हणजे १३ मिलिमीटर रुंदीचा, बी म्हणजे १७ चा, आणि पुढील अंक आंतील लांबी इंचांत. अमेरिकेंत हलक्या यंत्रांच्या पट्ट्यावर ४-एल-४६० असें असतें. त्यांतील ४ म्हणजे रुंदी अर्धा इंच, व ४६० म्हणजे बाहेरील लांबी ४६.० इंच. म्हणजे ४-एल-४६० व ए-४४ हे मापानें जवळजवळ एकच. हें न कळल्यामुळें लोक ए-४६ आणतात आणि तो सैल पडतो. जुना पट्टा मोजून नवा घेऊं नये, कारण जुना ताणून लांबलेला असतो. पुलींभोंवतीं दोरी फिरवून, ताणाचें चाक मध्यावर ठेवून लांबी घ्यावी. जेथें पट्टाच सैल-घट्ट करून क्लचाचें काम घेतलें आहे, तेथें साधा पट्टा फार दिवस टिकत नाहीं. त्या कामाचा मजबूत दोऱ्याचा पट्टा निराळा मिळतो.

आटेहि तपासावे. अमेरिकन बोल्टाच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, जुन्या इंग्रजी व्हिटवर्थचा ५५ अंशांचा. पाव इंच, ५/१६, ३/८ ह्या मापांत दर इंचास आट्यांची संख्या दोहोंची सारखीच, म्हणून एक बोल्ट दुसऱ्याच्या नटांत जातो व आंत गेल्यावर आटे खातो. अर्ध्या इंचाच्या बोल्टांत मात्र अमेरिकन १३ व व्हिटवर्थ १२, तेथें फरक लगेच कळतो. जपानी धर्तीच्या टिलरवर मेट्रिक आटे असतात. आटे-गेज ही लहानशी पत्त्यांची जुडी प्रत्येक शेतकरी-मंडळानें बाळगावी. ती महाग नाहीं.

एवढी नोंद झाल्यावर एंजिनाकडे वळावें, परंतु तें उघडूं नये. एंजिन चालत नाहीं म्हणून प्रथमच सिलिंडरचें हेड काढणारा फिटर आम्हांस पसंत नाहीं. ठिणगी, पेट्रोल व दाब ह्या तीन गोष्टी बाहेरूनच पाहतां येतात. कोलरच्या बॅटरीवर चालणाऱ्या के-जातीच्या एंजिनांत पॉइंट एका लहान झांकणाखालीं बाहेरच बसविलेले आहेत. यंत्र वर्षानुवर्षें पडून राहिलें म्हणजे त्यांवर पुटें चढतात व ठिणगी बंद होते. ते स्वच्छ करून, पूर्ण उघडलेल्या स्थितींत ०.०२० इंचांचें अंतर गेज-पत्तीनें लावावें. प्लगचें अंतर ०.०३५ इंच. एवढ्यानेंच कांहीं 'मेलेलीं' एंजिनें बोलूं लागतात. पेट्रोलाविषयीं एक नवी अडचण आहे. अमेरिकेंतील बहुतेक पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि आपल्याकडे २०२५ पर्यंत हें प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यांत आलें. जुन्या काळचें रबर त्यास तोंड देण्याकरितां केलेलें नव्हतें. नळ्या फुगतात, भेगाळतात. म्हणून इंधनाची नळी व कार्बुरेटरांतील रबरी भाग चांगले दिसले तरी बदलावे, आणि यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचें असल्यास टांकी व कार्बुरेटर कोरडे करून ठेवावें. कार्बुरेटर स्वच्छ करूनहि एंजिन अडखळत असेल तर त्याच्या थ्रॉटलची दांडी हालवून पाहावी. तेथें भोंक झिजून रुंद झालें असेल तर बाजूनें हवा शिरते. लेथवाल्याकडून बुश बसवून घेतल्यास तोच कार्बुरेटर पुन्हां उपयोगी पडतो.

दाब पाहतांना ह्या एंजिनांचा एक विशेष लक्षांत ठेवावा. सुरू करतांना सोपें जावें म्हणून बहुतेकांत व्हाल्व किंचित् उघडा ठेवणारी योजना आहे. त्यामुळें दाबमापकांत आंकडा कमी दिसतो व धडधाकट एंजिनाची रिंग गेली असा निवाडा होतो. फ्लायव्हील हातानें जोरानें उलट्या दिशेस फिरवून पाहावें. दाब असेल तर तें झटक्यानें परत येतें. डिझेल टिलरवर ही योजना निराळी, म्हणून तेथें वरील खूण लागू करूं नये.

पिस्टन गंजून अडकला असेल तर घाई करणें घातक आहे. प्लगच्या भोंकांतून गंज-तेल ओतून तें कित्येक दिवस मुरूं द्यावें. तरीहि न हलल्यास हेड काढून लांकडी ठोकळ्यावर हलके ठोके द्यावे. फ्लायव्हीलच्या पात्यांवर हातोडा मारूं नये व तें काढतांना मागें पहार घालूं नये; पुलरच वापरावा. पातें तुटलें कीं समतोल जातो, आणि दर मिनिटास ३,६०० फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या ह्या चाकास तडा गेला असतां तें वेल्ड करून पुन्हां लावणें म्हणजे माणसाच्या जिवाशीं खेळ आहे. असें चाक भंगारांतच टाकावें.

एंजिन उघडणें प्राप्तच झालें तर सर्वांत अधिक लक्ष कनेक्टिंग रॉडकडे द्यावें. के-जातीच्या ह्या एक-सिलिंडरी एंजिनांत सिलिंडर ओतीव लोखंडाचा व टिकाऊ आहे, पण रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असून तो क्रँकच्या पिनेवर थेट फिरतो. मध्यें बदलतां येईल असें बेअरिंग बहुतेकांत नाहीं. तेलाचा पंपहि नाहीं. रॉडच्या टोंकाची जीभ तेलपात्रांतील तेल उडविते, तेवढेंच वंगण. तेल थोडें कमी झालें किंवा यंत्र तीव्र उतारावर फार वेळ चाललें कीं जीभ कोरडी राहते, रॉड पिनेस चिकटतो, तुटतो, आणि तुटलेलें टोंक सिलिंडरच्या भिंतीस भोंक पाडून बाहेर येतें. मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाहीं. म्हणून नवा रॉड बसविण्यापूर्वीं क्रँकची पिन मायक्रोमीटरनें दोन-तीन ठिकाणीं व आडवी-उभी मोजावी. ती वाटोळी राहिली नसेल तर घांसून ०.०१० इंच कमी करावी व तेवढ्याच कमी मापाचा रॉड घ्यावा, तो मिळतो. सिलिंडर झिजला असल्यास ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठा बोअर करून त्या मापाचा पिस्टन घालतात. पिस्टन हातीं आल्यावरच बोअर करावा, आधीं नव्हे. रॉड व त्याची टोपी ह्यांवरील खुणा एकमेकींसमोर आल्या पाहिजेत. टोपी उलटी बसविली तर नवा रॉडहि टिकत नाहीं.

मोठ्या के-एंजिनांपैकीं अनेकांत थरथर कमी करण्याकरितां क्रँकजवळ दोन वजनदार गिअर बसविलेले आहेत. तीं बेअरिंगें जुनीं झालीं कीं गिअर निसटून एंजिन फोडतात. तेथील जाणते दुरुस्तीवाले बहुधा ते काढूनच टाकतात व थोडी अधिक थरथर सोसतात. आमच्याहि मतें सोय जाऊन एंजिन राहिलेलें बरें.

क्लचाच्या दांड्यावरील स्प्रिंग पिना हा कब कॅडेटचा नेहमींचा दुखणाईत भाग. पिन झिजते, मग तिचें भोंक लांबट होतें, आणि नवी पिन बसविली तरी ती खडखडते. येथें लेथवाला खरोखर उपयोगी. दांडा, पिन, बुश, वॉशर, पुली, चावी हे भाग स्थानिक लेथवर करून घेण्यास हरकत नाहीं. पोलाद मात्र चांगलें सांगून घ्यावें. रॉड, पिस्टन, व्हाल्व व कठीण केलेले गिअर हे तेथें करूं नयेत. गिअरच्या दांत्यांचा आकार साधला तरी त्यांस योग्य तें पाणी देण्याची सोय बहुतेक ठिकाणीं नसते, आणि मऊ गिअर शेजारच्या चांगल्या गिअराचेहि दांते खातो.

उरले ते असे भाग कीं जे ना बाजारांत, ना लेथवर : ओतीव पेट्या, हेड, गिअर. ह्यांचा एकच मार्ग, तो म्हणजे त्याच जातीचें दुसरें बंद यंत्र विकत घेणें. दोन मोडक्यांचें एक चालतें करणें हा अमेरिकेंतील रूढ उपाय आहे. घेतांना रंग, पत्रा व टायर पाहूं नयेत. गिअरपेटीचें झांकण उघडून तेल पाहावें. तें दुधासारखें पांढुरलें असेल तर आंत पाणी गेलें आहे व बेअरिंगें गेलीं असें धरून किंमत करावी. सिलिंडरला भोंक, गिअरपेटीस तडा व क्रँक वांकलेला, ह्यांपैकीं दोन दोष एकत्र असतील तर तें यंत्र चालविण्याकरितां घेऊं नये, केवळ भागांकरितां घ्यावें. एंजिनाविषयीं आपल्याकडे हा मार्ग अनोळखी नाहीं. इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टर कंपनीचें मंद गतीचें डिझेल एंजिन तेथें १९८७ त बंद झालें, तरी त्याच घडणीचीं एंजिनें व त्यांचे भाग राजकोटास बनत राहिले. म्हणून आपल्या विहिरींवरील तशा जुन्या एंजिनास रिंग मिळते. टिलरच्या बाबतींत इतकी सोय नाहीं, म्हणून एका गांवांत एकाच जातीचे चार-पांच बंद टिलर असतील तर त्यांच्या मालकांनीं ते भंगारवाल्यास वजनावर देण्यापूर्वीं एकत्र बसून ठरवावें कीं कोणता जगवावयाचा व कोणते सोडवावयाचे. सोडविलेल्या यंत्राचें हेड, गिअर, इंधन-पंप, नॉझल व क्रँक वेगळे काढून, रॉकेल किंवा डिझेलनें धुऊन, त्यांवर ग्रीस चोळून, मेणकापडांत गुंडाळावे. प्रत्येक पुडक्यास नमुना, अनुक्रमांक व घेतलेलें माप लिहिलेली पत्र्याची चिठ्ठी तारेनें बांधावी, कारण कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसाळ्यांतच वाळवीच्या वांट्यास जाते.